छप्पन्नाव्या वर्षी कावळा शिवला

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ही डायरी कुकरच्या कंपनीनं दुकानाला भेट दिलेली. दर वर्षी येते आणि दर वर्षी रद्दीत जाते. यंदाची मी उचलून ठेवली, कारण माझ्या पोटात एक गोष्ट आहे आणि ती सांगण्यासारखं माणूस जवळ नाही. आम्ही इतवारीत भांडे ओळीत, म्हणजे भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत राहतो, खाली दुकान आणि वर घर. इथे सकाळी कोणी शिंकलं तर दुपारपर्यंत ओळीच्या दुसऱ्या टोकाला त्याला न्यूमोनिया झालेला असतो.

तर गोष्ट अशी. माझ्या डाव्या छातीत गाठ आहे, सुपारीएवढी. आंघोळ करताना हाताला लागली. आधी म्हटलं, छप्पन्नाव्या वर्षी अंगावर काय काय उगवतं, त्यातलंच हे एक. मग न राहवून गणपतरावांना सांगितलं. गणपतराव म्हणजे माझे यजमान. नुसती टिचकी मारून पितळ खरं की खोटं सांगणारा माणूस, पण हे ऐकून त्यांना घाम फुटला. नोव्हेंबरात.

आज मॅमोग्राफी झाली. बाहेर जायचं म्हणून मी अंगाला छान पावडर लावून, काखेत सेंट मारून गेले होते. तिथल्या बाईनं ओल्या कापसानं सगळं पुसून काढलं. म्हणे पावडरीचे ठिपके फोटोत उमटतात. मग मंगळसूत्र काढून गणपतरावांच्या खिशात गेलं. मग आपलं सामान आपणच उचलून मशीनवर ठेवायचं आणि वरून फळी दाबत आणतात. आमच्या दुकानात पुऱ्या दाबायचं मशीन मिळतं. गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगते, हलक्या हातानं दाबा. आता जास्त कळकळीनं सांगेन.

"काकू, हलू नका," ती बाई म्हणाली. कुठे हलणार मी? अर्धी छाती तिच्या ताब्यात होती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज सुईनं गाठीचा तुकडा काढला. तेवढ्यापुरती भूल दिली. ते यंत्र टक् करून वाजतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवाज येईल, दचकू नका." मी म्हटलं, मी भांडे ओळीत नांदते, मला आवाजाचं काय सांगता. आणि पहिल्याच टक्-ला पलंगावरून उडाले. त्या हसल्या, मीही हसले, तर लगेच दटावलं की सुई आत आहे, हसू नका.

बाहेर आले तर गणपतराव माझी पिशवी उराशी कवटाळून बसलेले. जणू कोणी हिसकावणारच होतं.

परतताना आमचं ठरलं की घरात कोणाला सांगायचं नाही. मुलगा बंटी बुटीबोरीच्या कारखान्यात असतो, त्याला सांगितलं तर चेहऱ्यावर लिहिल्यासारखं दिसेल. सून मयुराला डिसेंबरात सातवा लागतो. गेल्या वर्षी चौथ्या महिन्यातच पोरीचं पोट रिकामं झालं होतं. तेव्हापासून तिच्या डॉक्टरांनी बजावलंय, हिला कसलंही टेन्शन नको. तेरा डिसेंबरला तिचं डोहाळजेवण आहे. नंतर लगेच पौष लागतो, म्हणजे तारीख हलवायची सोय नाही. तोपर्यंत तोंडाला कुलूप.

आणि खरं सांगू? मयुरापेक्षा मला सासूबाईंची धास्ती जास्त आहे. वय त्र्याऐंशी, नाव कौसल्या, आणि नियम त्यांच्या वयापेक्षा जुने. लग्न होऊन आले तेव्हा कावळा शिवला की चार दिवस मला मागच्या खोलीत बसवायच्या. पोत्यावर झोपायचं, ताटली वेगळी, आणि जवळून कोणी गेलं की दुरूनच ओरडायच्या, "शिवू नको वं!" मामंजी गेल्यापासून त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही. कोणाची ओटी असो की हळदीकुंकू, उठून मागच्या खोलीत जातात. हाताला काचेची बांगडी नाही. अशा बाईला माझ्या छातीत काय आहे ते कळलं तर मयुराच्या ओटीचे तांदूळ माझ्या हाताला लागू देतील? रोगी हात म्हणतील. मला ती ओटी भरायची आहे. गेल्या वर्षी भरायची राहिली म्हणून यंदा तर भरायचीच आहे.

घरी दाताचं सांगायचं ठरलंय. दात म्हटलं की कितीही खेपा खपतात. अडचण एकच. गणपतराव खोटं बोलताना कान खाजवतात.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे.

आज मला थट्टा सुचत नाही. भीती वाटते. डॉक्टरीणबाई बराच वेळ समजावत होत्या, ऑपरेशन करावं लागेल, पण किती काढायचं ते बाकीच्या तपासण्या झाल्यावर, आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. खाली गणपतरावांकडून स्कूटरच सुरू होईना. मग लक्षात आलं की ते घराची किल्ली लावत होते. त्यावर दोघंही हसलो आणि तिथेच, स्टँडवर, दोघंही रडलो.

वर आलो तर सासूबाई दारात उभ्या.

"दात काय म्हणते?"

"काढा लागते म्हणे, आई."

त्या माझ्याकडे बघायचं सोडून लेकाकडे बघत राहिल्या. गणपतराव कान खाजवत आत गेले. मी मनात म्हटलं, कान तुटेल एक दिवस.

सोमवार, १ डिसेंबर

दाताचं नाटक फर्मास चाललंय. सासूबाई रोज मऊ खिचडी करायला लावतात, वर साजूक तुपाची धार. दुधाची साय आजवर लेकाच्या वाटीत जायची, ती आता माझ्या वाटीत येते. मी कधी उजवा गाल धरते कधी डावा, माझं मलाच आठवत नाही, पण म्हातारीच्या काही लक्षात येत नाही. नजर अधू झाली आहे बिचारीची. काल पाण्याची घागर उचलायला गेले तर खेकसल्या, "ठेव खाली! दात दुखते अन् घागरी उचलून राहिली." दाताचा आणि घागरीचा काय संबंध? वय झालं की असं होतं.

मयुराला मात्र आजकाल कशावरही हसू येतं. आज मी गाल धरून कण्हत पायऱ्या चढले, तर पोरगी तोंडाला ओढणी लावून आत पळाली. डोहाळे असतील.

गुरुवार, ४ डिसेंबर

आधी ईसीजी, मग हृदयाची सोनोग्राफी. हृदय ठणठणीत आहे. इतकी वर्षं इतवारीत संसार करून ठणठणीत आहे, हे त्या डॉक्टरांना मी मुद्दाम सांगितलं.

मग पेट स्कॅनची वेळ घ्यायला गेलो. सगळ्या अंगात आणखी कुठे काही पसरलंय का ते त्यात दिसतं. खिडकीत मिनल नावाची मुलगी होती. ती प्रश्न वाचत होती. शुगर आहे का? बंद जागेत भीती वाटते का? गरोदर आहात का?

मी म्हटलं, "थांब, यांनाच विचारते." आणि मागच्या बाकावर बसलेल्या गणपतरावांना ओरडून विचारलं, "अहो, काही शक्यता आहे का?"

गणपतराव लालबुंद. आख्खी रांग हसली. एक आजोबा तर सलाइनच्या हातानं टाळी द्यायला आले. मिनल डोळे पुसत पुसत पुढचं सांगत होती, उपाशी या, अंगावर धातू नको, नंतर अमुक करा, तमुक करू नका. मी हो हो म्हटलं. अशी रांग हसवायची संधी रोज थोडीच मिळते?

वेळ मिळाली ती तेरा तारखेची, सकाळची. म्हणजे डोहाळजेवणाचाच दिवस. नाहीतर थेट त्याच्या पुढच्या आठवड्यात, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की उशीर नको. मी हिशेब केला. सकाळी तपासणी, दुपारी घरी, कार्यक्रम चारला. घर मंडपवाल्याच्या आणि फुलवाल्याच्या गडबडीत असेल, माझ्याकडे कोण बघतंय? माझ्या डोक्याला दाद द्यायला हवी.

शनिवार, १३ डिसेंबर

हे मागच्या खोलीत बसून लिहितेय. त्याच, चार दिवसांच्या मागच्या खोलीत. बाहेर घर बायकांनी भरलंय.

सकाळी उपाशी निघायचं होतं, चहाला काय सबब सांगू या विचारात होते. पण सासूबाईंनी आज चहा विचारलाच नाही. गडबडीत विसरल्या असतील.

तिथे मिनलनं हातात सुई टोचून औषध सोडलं आणि मला एका खोलीत एकटीला बसवलं. बोलायचं नाही, मोबाइल नाही, उगीच हालचाल नाही. माझ्या बडबडीवर एवढा जालीम उपाय आजवर कोणी केला नव्हता. मग काचेपलीकडून स्पीकरवर तिचा आवाज आला.

"काकू, एक ध्यानात ठेवा. औषधाचे किरण आहेत आता तुमच्या अंगात. आज लहान लेकरांजवळ नाही जायचं. अन् गरोदर बाई असली घरात, तर तिच्यापासून तर दूरच राहायचं. उद्या सकाळपर्यंत. पाणी भरपूर प्या, संडास वेगळा असला तर बरं."

मी म्हटलं, "हे आत्ता सांगतेस?"

"त्या दिवशीच सांगतलं होतं ना काकू. तुम्ही हसून राहिल्या होत्या."

होते बाई. मीच हसून राहिले होते.

मशीनमध्ये निजले तेव्हा डोळ्यांतून पाणी थांबेना आणि हलायचं नाही म्हणून पुसताही येईना. गाठीसाठी नाही रडले. आजारावर रडायला पुढे पुष्कळ दिवस आहेत. पण ज्या ओटीसाठी एवढं नाटक केलं ती माझ्याच वात्रटपणानं माझ्या हातून गेली, म्हणून रडले.

बाहेर आल्यावर गणपतरावांना सांगितलं. त्यांनी कान खाजवला, "पाणी आणतो" म्हणाले आणि गेले ते गेलेच. बऱ्याच वेळानं रिकाम्या हातानं आले. म्हणे मंडपवाल्याचा फोन आला होता.

घरी काय सांगायचं? दात दुखतोय म्हणून कोणी सुनेच्या ओटीला चुकत नाही. ताप आला म्हणावं तर मयुरा कपाळाला हात लावायला पहिली धावेल. मला असं कारण हवं होतं की ऐकताच बायकांनी दोन पावलं मागे सरावं आणि दुसरा प्रश्न विचारू नये. गांधीबागेच्या सिग्नलवर ऑटोत मला ते सापडलं, आणि त्या तसल्या अवस्थेतही हसू आलं. ते कारण सासूबाईंनीच मला शिकवलं होतं.

जिन्यातूनच ओरडले, "आई, कोणी जवळ येऊ नका. मी बाहेरची झाली!"

शेजारच्या दुकानातल्या जिजाबाई चकलीचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांचा जबडाच खाली आला.

"काहून वं पुष्पे, छप्पन्नाव्या वर्षी? दहा वर्षं झाली ना तुही पाळी जाऊन!"

सासूबाई खुर्चीत बसून ओटीचे तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होते असं. माह्या मावशीले साठीत झालं होतं. तू आपली चकली पाय, सादळून राहिली." आणि मग मला म्हणाल्या, "जाय मागच्या खोलीत. अन् ऐका सगळ्या जणी, मागच्या संडासात आज कोणी जायचं नाही. तो मी धुऊन हिच्यासाठी ठेवला आहे."

बघा, म्हातारीला किती पटकन पटलं! कावळा शिवला म्हटलं की तिची अक्कल बंद होते. खोलीत गादी घातलेली होती, चक्क गादी, पोतं नाही. उशाशी पाण्याच्या दोन कळशा. "पेत राहा," दारातून म्हणाल्या. पूर्वी चार दिवसांत कधी पाणी विचारलं नव्हतं. वय झालं की माणूस मऊ होतं.

चार वाजता बांगडीवाली आली, सगळ्या बायकांनी हिरवा चुडा भरला. मला कसा भरणार? मयुराची आई गोपिकाताई भिवापूरहून मिरच्यांची थैली आणि मोठ्ठी परडी घेऊन आल्या. दाराच्या फटीतून मला फुलांचे दागिने घातलेली मयुरा दिसत होती. तिची खुर्ची अगदी पलीकडच्या टोकाला, खिडकीशी नेऊन ठेवली होती. तिथे म्हणे फोटो चांगले येतात. पोरगी एकदासुद्धा मागच्या खोलीकडे फिरकली नाही. खरं तर तेच हवं होतं, पण वाईट वाटलंच. दारातून नुसतं 'मम्मी' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ओटी सुरू झाली तशा सासूबाई नेहमीप्रमाणे उठून मागे आल्या. दाराशी स्टूल टाकून बसल्या. एका खोलीत आम्ही दोघी, एक कावळा शिवलेली आणि एक नवरा गेलेली.

"तुम्ही तरी जा ना समोर, आई," मी म्हटलं. "पणतू येऊन राहिला तुम्हाले."

"मी कशी जाऊ वं?" त्या म्हणाल्या. "तू आपलं पाणी पे."

बाहेर वाट्या उघडायचा खेळ झाला. बर्फी निघाली की पेढा, ते गलक्यात कळलं नाही. गोपिकाताईंनी ओटी भरली, मग जिजाबाईंनी, मग ओळीतल्या सगळ्यांनी. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी बघितलं तर म्हणाल्या, भिवापूरची मिरची आहे, झोंबते. थैलीचं तोंड तर बांधलेलं होतं.

आता लक्षात आलं, कावळा शिवला म्हणजे चार दिवस. चार दिवस मला दुकानात जाता येणार नाही, स्वयंपाक करता येणार नाही. एवढं एक बरं झालं.

रविवार, १४ डिसेंबर

उजाडल्या उजाडल्या सासूबाई दारात.

"उठ. आंघोळ कर. हिरवं लुगडं काढून ठेवलं आहे, ते नेस अन् समोर ये."

मी डोळे चोळत म्हटलं, "असं कसं आई? मले अजून तीन दिवस आहेत."

"चार दिवस मले नको शिकवू," सासूबाई म्हणाल्या. "कावळ्याचे चार अन् दवाखान्याची एक रात. झाली ती. सूर्य निघाला."

मी पांघरूण बाजूला टाकून उठून बसले.

"कोणी सांगतलं?"

"गणपतनं. काल तिथूनच फोन केला, म्हणून तं संडास धुतला. अन् गाठीचं तं पहिल्याच दिवशी सांगतलं. माह्या मांडीवर डोकं ठेवून रडला माहा लेक, साठीचा बुढा. तुह्या दाताले कोण भुलते वं? रोज वेगळा गाल धरत होती तू."

म्हणजे साय. म्हणजे घागर. म्हणजे चहा. मी एकेक आठवत होते आणि मला लाज वाटावी की हसावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात मयुरा आली. कालचे सुकलेले गजरे तसेच केसांत. सरळ येऊन माझ्या गादीवर टेकली.

"आता चालतं ना, मम्मी? सकाळ झाली." माझा हात उचलून तिनं पोटावर ठेवला. "काल दिवसभर तिकडे बघितलंच नाही मी. बघितलं असतं तर पळत आली असती."

"तुलेही माहीत होतं? अन् टेन्शन..."

"तुम्ही जिन्यात कण्हायच्या ना, हसून हसून पोट दुखायचं माझं. टेन्शन कुठून येणार?" आणि एवढं बोलून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. आतून लेकरानं माझ्या तळहाताला लाथ मारली. त्यालाही आधीच कळलं असावं. या घरात फक्त मलाच काही कळत नव्हतं.

समोरच्या खोलीत पाट मांडला होता. ताटात नारळ, खण, हळकुंड, सुपारी आणि काल निवडलेले तांदूळ. सासूबाई म्हणाल्या, "काल बाहेरच्या बायकांची झाली. आज घरची. भर."

मी विचारूनच टाकलं. "आई, रोगी हात आहे माहा. चालते?"

"असं कोणी सांगतलं तुले?"

"कोणी काहून सांगेल? तुमचेच नियम. मी तीस वर्षं पाहून राहिली."

त्यांनी तांदळात बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "माहे नियम माह्यापाशी राहू दे. तू ओटी भर."

एखादी शहाणी बाई असती तर तिनं मुकाट्यानं ओटी भरली असती. माझ्यात तेवढा शहाणपणा नाही. मी म्हटलं, "आधी तुम्ही."

"मी? बाप्पा! मी नाही भरत."

"मग मीही नाही. माहे तीन दिवस राहिले आहेत, मी चालली मागच्या खोलीत." आणि खरंच वळले.

"लबाड आहे वं तू, पुष्पलता!" त्या ओरडल्या. पण उठल्या. बारा वर्षांत त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. मयुराच्या कपाळाला कुंकू लावायला गेल्या तर टिकली नाकावर गेली. तांदळाची ओंजळ पदरात कमी आणि पाटावर जास्त पडली. मग मी भरली. पाच वेळा, अगदी सावकाश, एक दाणा सांडू न देता. गणपतराव आणि बंटी दारात उभे राहून रडत होते. बापाचा कान लाल झालेला.

शेवटी मयुरानं कपाटातून पुडकं काढलं. काल बांगडीवालीकडून तिनं माझ्या मापाचा हिरवा चुडा मागून ठेवला होता. माझ्या दोन्ही हातांत तिनंच भरला.

मंगळवार, १६ डिसेंबर

पेटचा रिपोर्ट आला. बाकी अंगात कुठे काही नाही. ऐकून गणपतरावांनी खिडकीतल्या मिनलला हात जोडले. तिनं काय केलं होतं कोणास ठाऊक, पण तिनंही जोडले.

पण छातीत आणखी एक ठिकाण निघालं, म्हणून पूर्ण काढावी लागेल. डावी. बंटीला हिच्यावरच पाजलं होतं, उजवीला तो तोंडच लावायचा नाही. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. मला ती हवी आहे. या वयात कशाला हवी, असं कोणी म्हणेल, पण माझी आहे म्हणून हवी आहे.

मग डोळे धुऊन बाहेर आले आणि सगळ्यांना सांगून टाकलं. आता लपवायला काही उरलंच नाही, त्यामुळे फार चुकल्यासारखं होतं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासलं. "तोंड उघडा. एखादा दात हलतो का? दुखतो का?"

गणपतराव खोकत खोकत बाहेर गेले. मी म्हटलं, "नाही डॉक्टर, माझे दात एकदम छान आहेत." त्यांना माझ्या हसण्याचं कारण कळलं नाही.

श्वासाच्या व्यायामाचं एक खेळणं दिलंय, तीन गोळ्यांचं. श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. ऑपरेशननंतर छाती साफ राहावी म्हणून आतापासून सवय करायची. घरात त्याची रांग लागली आहे. बंटी तिन्ही चढवतो, मी दोन. सासूबाईंनी उलटं फुंकलं आणि वर कंपनीला नावं ठेवली.

रविवार, २१ डिसेंबर

दवाखान्यात भरती झाले. ऑपरेशन उद्या सकाळी पहिलंच. डॉक्टरीणबाईंनी डाव्या बाजूला पेननं खूण केली आहे.

बायकांच्या वॉर्डात सोबतीला एकच बाई राहू शकते. मयुराला घरी बसवलं, गोपिकाताई तिच्याजवळ आहेत. जिजाबाई यायला तयार होत्या. पण सासूबाई नऊवारी नेसून, पिशवीत आपली उशी घेऊन, केव्हाच्या ऑटोत जाऊन बसल्या होत्या. "तिच्याजवळ मी राहीन," एवढंच बोलल्या. नर्सनं विचारलं, "आजी, तुम्हाले जमेल?" त्यावर तिच्याकडे असं काही बघितलं की ती खुर्ची आणायला पळाली.

आणलेली खुर्ची त्यांनी ओढत ओढत पार माझ्या पलंगाला टेकवली. दुरून "शिवू नको वं" ओरडणारी हीच बाई. आता गुडघा माझ्या पांघरुणाला लागत होता.

थोड्या वेळानं नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं उतरवा, बांगड्याही. फोडू का? सासूबाई ताडकन उठल्या. हिरवा चुडा फोडू देतील तर त्या कौसल्याबाई कसल्या? मोरीवरून साबण आणला, माझा पंजा स्वतःच्या हातात घेऊन चोळला आणि एकेक बांगडी सरकवत सरकवत काढली. एकही तडकली नाही. मला वाटलं आता रुमालात बांधून पिशवीत ठेवतील.

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. मग त्या ओल्या हिरव्या बांगड्या एकेक करून स्वतःच्या हातात घातल्या. बारा वर्षं मोकळा राहिलेला हात, हडकुळा, त्यामुळे सहज गेल्या.

"आई!"

"पिशवीत फुटतात त्या," म्हणाल्या. "माह्या हातात सांभाळून राहतील. उद्या शुद्धीवर आली का मागून घेजो. मागायले यायचं मात्र, समजलं? मी स्वतःहून नाही देणार."

आता खुर्चीत बसून डुलक्या घेताहेत. मान कलली की हात खाली येतो आणि बांगड्या वाजतात. पलीकडच्या पलंगावरच्या बाईनं विचारलं, कोण आहे ही तुमची? मी सांगितलं, सासू.

उद्या शुद्धीवर आले की आधी बांगड्या मागायच्या. निम्म्याच मागेन.